कामाचे लिहिणे : थोडक्यात म्हणजे किती?

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा नुकतेच डॉक्टरेट मिळवून एका प्रयोगशाळेत रुजू झालो होतो. तिथे नळीच्या आकाराच्या एका विद्युतभट्टीत स्फटिक वाढविण्याचे काम चाले. वितळलेला पदार्थ तासाला एकदोन अंश सेल्सिअस इतक्या सावकाश थंड केला, की त्याचे मोठे आणि निर्दोष स्फटिक मिळतात. एका खेपेला तीन आठवडे लागत. भट्टी रात्रंदिवस चालू, म्हणून पाळ्या लावलेल्या असत आणि प्रत्येक पाळीने जाताना पुढच्या पाळीसाठी नोंदवहीत टिपण लिहून ठेवायचे असा शिरस्ता होता.

भट्टीच्या नळीच्या दोन्ही टोकांना हवाबंद करणाऱ्या रबरी कड्या होत्या. त्या जळू नयेत म्हणून त्यांच्याभोवती सतत पाणी खेळविलेले असे. पाणी थांबले तर भट्टी आपोआप बंद करणारा एक स्विच होता. त्या आठवड्यात या स्विचने छळ मांडला. पाणी व्यवस्थित चालू असतानाही तो भट्टी बंद करू लागला. तेव्हा आम्ही तारा परस्पर जोडून त्याला तात्पुरते वगळले आणि संध्याकाळी घरी जाताना नोंदवहीत तसे लिहून ठेवले.

लिहिले म्हणजे कसे? स्विच पहिल्यांदा कधी बिघडला, आम्ही कोणकोणत्या तपासण्या केल्या, त्यांतून कोणते निष्कर्ष निघाले, नवा स्विच कोणत्या प्रकारचा घ्यावा, याचा तीन पानांचा साद्यंत वृत्तान्त! डॉक्टरेटचा प्रबंध लिहून फार दिवस झाले नव्हते आणि हाताला तीच सवय होती. स्विच वगळल्याचा उल्लेख दुसऱ्या पानाच्या तळाशी होता. तिसऱ्या पानाच्या शेवटी 'बाकी सर्व ठीक' अशी ओळ होती.

रात्री दोनच्या सुमारास गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि पाणी थांबले. पाळीवर असलेले तंत्रज्ञ अनुभवी होते. त्यांनी पहिले पान वरवर पाहिले, शेवटची ओळ वाचली आणि ते कामाला लागले. भट्टी चालू आहे, म्हणजे पाणीही चालूच असणार, हा त्यांचा तर्क एरवी अगदी बरोबर होता. पहाटे जळक्या रबराचा वास आला तोवर कड्या वितळल्या होत्या, आत हवा शिरली होती आणि क्वार्ट्झची नळी तडकली होती. कोणाला इजा झाली नाही. मात्र एका संशोधक विद्यार्थ्याचा तीन आठवड्यांचा स्फटिक गेला आणि नवी नळी येईपर्यंत त्याचे काम थांबले ते वेगळेच.

सकाळी आम्ही नोंदवही पुढे करून म्हणालो, "पण मी लिहून ठेवलं होतं."

"साहेब, लिहिलं होतंत खरं," ते म्हणाले, "पण तीन पानं उभ्या उभ्या कोण वाचणार?"

आमच्या विभागप्रमुखांनी कोणालाच रागावले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टपाल कचेरीतून पोस्टकार्डांचा एक गठ्ठा आणून नोंदवहीशेजारी ठेवला. यापुढे पुढच्या पाळीसाठीचे टिपण पोस्टकार्डाच्या एका बाजूवर मावले पाहिजे, बाकीचा वृत्तान्त नोंदवहीत खुशाल लिहावा, एवढाच नियम. आमचे पहिले कार्ड आम्ही मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत काठोकाठ भरले. ते त्यांनी परत दिले. अक्षर बारीक केले म्हणजे लिहिणे थोडके होत नाही, हे आम्हांला त्या वयात शिकावे लागले!

वाचणाऱ्याला काय करायचे आहे?

कामाच्या ठिकाणचे लिखाण आणि साहित्य यांत मोठा फरक आहे. कादंबरी वाचणारा स्वखुशीने वाचतो, त्याच्यापाशी वेळ असतो. टिपण, अहवाल, अर्ज, सूचना वाचणाऱ्याला मात्र वाचून झाल्यावर काहीतरी करायचे असते. झडप उघडायची असते, सही करायची असते, औषध द्यायचे असते, नाहीतर निदान काहीही करायचे नाही असे ठरवायचे असते. तो बहुधा उभ्याने वाचतो आणि त्याच्यापुढे अशी आणखी दहा टिपणे असतात.

ही अडचण सर्वांत मोठ्या कचेऱ्यांनाही चुकलेली नाही. विन्स्टन चर्चिल १० मे १९४० रोजी ब्रिटनचे पंतप्रधान झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी, म्हणजे जर्मन विमानांशी इंग्लंडच्या आकाशात लढाई जुंपलेली असताना, ९ ऑगस्ट १९४० रोजी त्यांनी आपल्या मंत्रिमंडळाला एक टिपण पाठविले. विषय होता संक्षेप. रोज पुढ्यात येणारे कागद फार लांबलचक असतात, त्यामुळे वेळ जातो आणि मुख्य मुद्दे शोधत बसावे लागते, ही त्यांची तक्रार. उपाय म्हणून त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. मुख्य मुद्दे लहान, ठसठशीत परिच्छेदांत मांडावेत. गुंतागुंतीचे विश्लेषण किंवा आकडेवारी असेल तर ती परिशिष्टात टाकावी. पुष्कळदा पूर्ण अहवालाऐवजी नुसते मथळे लिहून काढावेत आणि बाकीचे तोंडी सांगावे. आणि गुळमुळीत शब्दप्रयोग सोडून द्यावेत, मग भाषा बोलीसारखी वाटली तरी चालेल. संपूर्ण टिपण एका पानात आटोपले आहे. देशावर बाँब पडत असताना पंतप्रधानाने भाषेवर पान खर्च करावे, याचे आम्हांला पूर्वी नवल वाटे. ती पोस्टकार्डे आल्यानंतर वाटेनासे झाले.

या चारांपैकी दुसरा मुद्दा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. चर्चिल यांनी तपशील फेकून द्यायला सांगितले नाही, तर त्याची जागा बदलायला सांगितली. आमच्या तीन पानांतही निरुपयोगी असे फारसे काही नव्हते. नवा स्विच घेताना तोच वृत्तान्त पुढे कामी आला. चूक ही, की रात्रीच्या पाळीला ज्या एका वाक्याची गरज होती ते वाक्य पाचव्या-सहाव्या परिच्छेदात बसले होते.

मानसशास्त्रज्ञ याचे एक कारण देतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली एका गाजलेल्या निबंधात असे दाखविले, की माणूस एका वेळी सुमारे सातच सुट्या गोष्टी लक्षात धरू शकतो. नेल्सन कोवन यांनी २००१ साली हा आकडा आणखी खाली, चाराच्या आसपास आणला. दूरध्वनीचा दहा आकडी क्रमांक आपण तीनचार गटांत तोडून म्हणतो तो याचमुळे. आता 'सदर', 'उपरोक्त', 'तद्नुषंगाने' अशी वळणे घेत जाणारे चाळीस शब्दांचे वाक्य डोळ्यांसमोर आणा. क्रियापद येईपर्यंत वाचणाऱ्याची ओंजळ भरून गेलेली असते आणि सुरुवातीचा कर्ता बोटांच्या फटींतून निसटलेला असतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने हा धोका आपल्याला जरा जास्तच.

सगळीच पुनरुक्ती वाईट नसते

मग शब्द कापत सुटावे काय? इथे थोडे थांबायला हवे.

क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. संदेशातील माहिती त्यात किती अनपेक्षित आहे यावर मोजावी, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. 'उद्या सूर्य पूर्वेला उगवेल' या संदेशातून काहीच कळत नाही. 'उद्या शाळा बंद' हे तीन शब्द मात्र वर्गभर आरडाओरडा घडवून आणतात! संदेशातील जो भाग वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतो किंवा त्याला तो अंदाजाने भरता येतो, त्या भागाला 'अतिरिक्तता' म्हणू. साध्या इंग्रजी मजकुरातील अतिरिक्तता शॅनन यांनी सुमारे निम्मी काढली होती. शॅनन यांना अक्षरांच्या मांडणीशी कर्तव्य होते, अर्थ त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवला होता. तेव्हा त्यांच्या गणिताचा आधार आम्ही इथे ऐसपैसपणे घेत आहोत, हे कबूल केलेले बरे.

पण या सिद्धांताची दुसरी बाजू आपल्या फार कामाची आहे. संदेश ज्या वाटेने जातो त्या वाटेवर गोंगाट असतो. तारेत खरखर होते, शाई फिसकटते, वाचणाऱ्याचे लक्ष नसते. अशा वेळी संदेश टिकतो तो अतिरिक्ततेमुळेच. 'शाळेला उद्या सु...ी आहे' यातले पुसलेले अक्षर तुम्ही विनासायास भरता. पण 'खोली क्रमांक २...' यातला पुसलेला आकडा कोण भरणार? आकड्यांत अतिरिक्तता नसते. म्हणूनच बँकेचा धनादेश लिहिताना आपण रक्कम आकड्यांत लिहितो आणि पुन्हा अक्षरांतही लिहितो. दोहोंत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी धरावी, असे १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्यात म्हटले आहे. काटकसरीच्या भरात धनादेशावरची अक्षरी रक्कम कोणी वगळत नाही.

पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे हा संक्षेपाचा जगातला बहुधा सर्वांत उंच मनोरा. पण ती उलगडण्यासाठी वार्तिके लागली, पतंजलीचे महाभाष्य लागले आणि गुरुमुख तर लागलेच. जिथे गुरू शेजारी बसलेला आहे तिथे सूत्र चालते. रात्री दोन वाजता भट्टीशेजारी मात्र कोणी भाष्यकार नसतो.

थोडक्यात लिहिताना कोणती अतिरिक्तता टाकायची आणि कोणती ठेवायची, हा खरा प्रश्न आहे. तो चुकला तर काय होते, याचे एक उदाहरण जरा सविस्तर पाहू.

एका चौकटीत मावलेला धोका

१६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे कोलंबिया हे अंतराळयान सात जणांना घेऊन उडाले. त्यांत कर्नालमध्ये जन्मलेली कल्पना चावला होती, त्यामुळे आपल्या शाळाशाळांतून त्या उड्डाणाची चर्चा झाली होती. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरील इंधनटाकीवरच्या उष्णतारोधक फेसाचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तुकडा पाऊण किलो वजनाचा आणि थर्मोकोलसारखा हलका, पण यानाच्या तुलनेत त्याचा वेग ताशी आठशे किलोमीटरच्या घरात होता.

ही घटना चित्रफितीत दिसली. यान कक्षेत फिरत असतानाच, धोका किती याचा अंदाज करण्यासाठी अभियंत्यांचा एक गट बसला. २४ जानेवारीला त्यांनी आपले म्हणणे वरिष्ठांच्या बैठकीपुढे मांडले, तेही संगणकावरून पडद्यावर टाकलेल्या चौकटींच्या रूपात. यांपैकी एक चौकट पुढे फार प्रसिद्ध झाली. एडवर्ड टफ्टी हे आकडेवारीच्या मांडणीचे जाणकार. त्यांनी तिचे केलेले विश्लेषण अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने ऑगस्ट २००३ मधील आपल्या अहवालात समाविष्ट केले.

दिसायला ही चौकट आटोपशीरच होती. पूर्ण वाक्ये नाहीत, नुसते मुद्दे. मथळा अशा अर्थाचा होता, की चाचण्यांची आकडेवारी तपासता टाइल भेदली जाण्याचा अंदाज सावध बाजूचा आहे. घाईत वाचणारा त्यातून काय घेणार? 'अंदाज सावध आहे, म्हणजे प्रत्यक्षात परिस्थिती बरी असणार.' त्याखाली मुद्दे, उपमुद्दे, उपमुद्द्यांचे उपमुद्दे अशा सहा पायऱ्यांची उतरंड. 'लक्षणीय' या अर्थाचा इंग्रजी शब्द निरनिराळ्या रूपांत पाच वेळा आलेला, आणि दर वेळी 'लक्षणीय म्हणजे किती' हे अध्याहृत. आणि अगदी तळाशी, सर्वांत खालच्या पायरीवर, एक आकडा होता. आदळलेल्या तुकड्याचे घनफळ १९२० घन इंच, तर चाचणीतल्या तुकड्याचे ३ घन इंच.

हा आकडा आपल्या मापात आणून पाहा. ३ घन इंच म्हणजे सुमारे ५० घन सेंटिमीटर, दोन काडेपेट्यांएवढे. १९२० घन इंच म्हणजे साडेएकतीस लिटरच्या आसपास, गोडेतेलाच्या दोन मोठ्या डब्यांएवढे. ज्या चाचण्यांच्या जोरावर मथळा धीर देत होता, त्या चाचण्या ६४० पट लहान तुकड्यांवर केलेल्या होत्या! म्हणजेच त्या चाचण्यांवरून या आघाताबद्दल काहीही सांगता येत नव्हते. शिवाय चौकट टाइलबद्दल बोलत होती, आणि आघात झाला होता तो पंखाच्या कडेवर, जिथे टाइल नसून कार्बनचे कवच होते.

यान १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर, उतरण्याला सुमारे सोळा मिनिटे असताना, टेक्सासच्या आकाशात फुटले. पंखाच्या कडेला पडलेल्या भोकातून तप्त वायू आत शिरले होते. नंतर जुलै महिन्यात तसाच फेसाचा तुकडा त्याच वेगाने तशाच कवचावर डागून पाहिला, तेव्हा त्याला जवळपास ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले.

एका चौकटीमुळे सात माणसे गेली असे म्हणणे अतिरेकाचे होईल. मंडळाने दोष वाटला तो यंत्राला, वेळापत्रकाच्या दडपणाला आणि संस्थेच्या एकूण रीतीभातीला. लष्करी उपग्रहांकडून यानाची छायाचित्रे मागवावीत ही अभियंत्यांची विनंतीही पुढे गेली नव्हती. एका अभियंत्याने तर आपली काळजी स्पष्ट शब्दांत पत्रात उतरवली होती. ते त्याने सहकाऱ्याला दाखवले, पण वरिष्ठांना पाठवलेच नाही. तरीही ती चौकट वाचून एखाद्या वरिष्ठाला समोर जिवावरचा प्रसंग आहे हे न कळणे सहज शक्य होते, असे मंडळाने नोंदविले आहे.

आता हेच टिपण पोस्टकार्डावर कसे लिहिता आले असते? आमच्या मते असे : 'आदळलेला तुकडा आपण आजवर तपासलेल्या कोणत्याही तुकड्याच्या ६४० पट मोठा आहे. त्यामुळे पंख शाबूत आहे की नाही हे आपण सांगू शकत नाही. छायाचित्रे मागवावीत.' तीन वाक्ये. चौकटीतले निम्म्याहून अधिक शब्द यात नाहीत, आणि जे हवे होते ते सगळे आहे. घडून गेल्यावर असे लिहिणे सोपे असते, हेही खरे. त्या अभियंत्यांना वेळ नव्हता आणि खात्री नव्हती. पण 'आम्हांला खात्री नाही' हेच तर पहिल्या ओळीत लिहायचे होते! खात्री नसते तेव्हाच माणूस जास्त शब्द वापरतो किंवा गोल गोल शब्द वापरतो. आमच्या तीन पानांचे मूळही तेच होते. सुरक्षेचा स्विच वगळणे बरे नव्हे, हे आतून ठाऊक होते. म्हणून समर्थनाचा डोंगर रचला आणि मूळ गोष्ट त्याखाली गेली.

साठ द्रव, एक वाक्य

थोडक्यात लिहिण्याचा चांगला नमुना पाहायचा तर फार लांब जायला नको. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी नव्या प्रकारच्या विकिरणाबद्दल 'नेचर' या साप्ताहिकाला पाठविलेले पत्र ३१ मार्च १९२८ च्या अंकात छापून आले. पत्रावर तारीख १६ फेब्रुवारीची आहे, म्हणजे आपण विज्ञान दिन पाळतो त्या २८ फेब्रुवारीच्याही आधीची. हे पत्र इतके छोटे आहे, की वर्गात पाचेक मिनिटांत वाचून होईल. त्यांनी साठेक निरनिराळे द्रव तपासले होते आणि प्रत्येकात हा परिणाम कमीअधिक प्रमाणात दिसला होता. एवढ्या सगळ्या खटाटोपाला पत्रात मिळाले आहे एक वाक्य. पण सूर्यप्रकाश एकवटण्यासाठी जे भिंग वापरले त्याचा व्यास १८ सेंटिमीटर आणि नाभीय अंतर २३० सेंटिमीटर होते, हे मात्र त्यात जसेच्या तसे लिहिले आहे. द्रव शुद्ध करताना झालेले कष्ट वाचून दुसऱ्याला प्रयोग करता येत नाही. भिंगाची मापे वाचून येतो.

शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षणे आणि अनुमान ही जी चार घरे आपण आखून देतो, ती याच हिशेबाने आखलेली आहेत. ती उत्तम आहेत. तक्रार आहे ती दुसऱ्याच एका सवयीबद्दल. परीक्षेहून परतलेल्या मुलाला आपण पहिला प्रश्न काय विचारतो? 'पुरवण्या किती लावल्यास?' जिने चार पुरवण्या लावल्या ती हुशार, असा हिशेब घरीदारी चालतो. पाच गुणांच्या प्रश्नाला दीड पान, मग उत्तर सहा ओळींत संपत असले तरी! शाळा-महाविद्यालयात पंधरा वर्षे अशी पाने भरवून घेतल्यावर तोच मुलगा कचेरीत, कारखान्यात, दवाखान्यात जातो आणि तिथे आपण त्याच्याकडून एका परिच्छेदाची अपेक्षा करतो. आम्ही त्याच साच्यातून निघालो होतो, म्हणून हे जरा चिडूनच लिहितो आहोत.

आता आपल्या रोजच्या पत्रव्यवहारातले एक उदाहरण घेऊ. हे पत्र आम्ही नमुन्यासाठी रचले आहे, पण ते कोणालाही अनोळखी वाटू नये. विज्ञान शिक्षक मुख्याध्यापकांना लिहितात :

'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय सादर करण्यात येते की, आपल्या विद्यालयातील प्रयोगशाळेची उभारणी होऊन बराच कालावधी लोटलेला असून तेथील लाकडी सामानाची अवस्था दिवसेंदिवस खालावत चाललेली आहे, ही बाब यापूर्वीही वेळोवेळी निदर्शनास आणून देण्यात आलेली आहे. विशेषतः आम्लांच्या बाटल्या ठेवण्यात येत असलेल्या फळीस वाळवी लागल्याचे निदर्शनास आले असून त्यामुळे अपघात होण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी याबाबत योग्य ती कार्यवाही होणेस विनंती आहे.'

शब्द बासष्ट. आता हे पाहा :

'प्रयोगशाळेतील आम्लांच्या कपाटाची वरची फळी वाळवीने पोखरली आहे. तिच्यावर संहत सल्फ्युरिक आम्लाच्या चार बाटल्या होत्या. त्या आज खाली जमिनीलगत ठेवल्या आहेत. सोमवारी दहावीचे प्रात्यक्षिक आहे. त्याआधी फळी बदलण्यासाठी सुताराला बोलावण्याची परवानगी द्यावी.'

शब्द बत्तीस, जवळजवळ निम्मे. पण मजा अशी, की या बत्तीस शब्दांत माहिती जास्त आहे. कोणती फळी, कोणते आम्ल, बाटल्या किती, सध्या त्या कुठे आहेत, काम कधीपर्यंत व्हायला हवे आणि नेमके काय हवे, यांतले बासष्ट शब्दांत काहीच नव्हते. 'योग्य ती कार्यवाही' म्हणजे कोणती, हे मुख्याध्यापकांनी ओळखायचे होते. पहिल्या पत्रावर 'नोंद घेतली' एवढा शेरा मारून ते दप्तरात जाऊ शकते. दुसऱ्यावर हो किंवा नाही लिहावेच लागते. काहींना पहिले पत्र सोयीचे वाटते ते नेमके याच कारणाने, असा आमचा संशय आहे.

पत्रात नम्रता नको काय? हवी. 'मा. मुख्याध्यापक यांस' हा मायना आणि खाली 'आपला विश्वासू' राहू द्यावे. त्याला पाच शब्द लागतात आणि माणसे दुखावत नाहीत. ती अतिरिक्तता ठेवण्याजोगी आहे. आपल्या सरकारी पत्रात वर 'विषय' लिहिण्याची जी पद्धत आहे, तीही सुरेख आहे. फक्त तिथे 'प्रयोगशाळेबाबत' असे न लिहिता 'आम्लांच्या कपाटाची फळी सोमवारपूर्वी बदलणे' असे लिहावे. मग घाईच्या वेळी खालचे पत्र वाचले नाही तरी काम होते.

असे लिहायला वेळ मात्र जास्त लागतो. तीन पाने आम्ही वीस मिनिटांत लिहिली होती. पोस्टकार्डाला सुरुवातीला अर्धा तास लागे, कारण आधी ठरवावे लागे की रात्रीच्या माणसाला नक्की कशाची गरज पडेल. लिहिणाऱ्याचा हा अर्धा तास वाचणाऱ्या प्रत्येकाची दहा दहा मिनिटे वाचवतो. सूचना पन्नास जणांना जाणार असेल तर हिशेब तुम्हीच करा.

आम्ही अधूनमधून शाळांत जातो तेव्हा आठवी-नववीच्या मुलांना एक काम देतो. प्रयोगशाळेत माशांची काचपेटी आहे. दिवाळीची सुटी लागते आहे. शाळेचे शिपाईमामा रोज येऊन माशांना खाणे घालणार आहेत. त्यांच्यासाठी टिपण लिहा. पहिल्या खेपेला बहुतेक मुले मासे किती सुंदर आहेत, मुक्या प्राण्यांवर दया कशी करावी इथून सुरुवात करतात आणि पानभर लिहितात. मग त्यांना पोस्टकार्डाएवढा कागद द्यायचा. आता बहुतेकांचे एकच वाक्य येते : 'माशांना रोज चिमूटभर खाणे घालावे.' सगळे खूश होतात. इथे विचारायचे, चिमूट कोणाची? तुमची की मामांची? जादा खाणे पाण्यात कुजते आणि मासे मरतात, हे त्यांना जीवशास्त्राच्या तासाला सांगितलेले असते. मग चर्चा सुरू होते. कोणी ग्रॅम लिहितो, पण शिपाईमामांकडे तराजू कुठला? कोणी 'थोडेसेच' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढतो.

एका गावच्या शाळेत एका मुलीने कागदावर लिहिले, 'रोज सकाळी एक चमचा. जास्त नको, मासे मरतील.' आणि घरून आणलेला मिठाच्या बरणीतला इवलासा चमचा दोऱ्याने खाण्याच्या डब्याला बांधून टाकला.